तंगीचं पाकीट

बंगळूरला थंड हवा आहे, बागा आहेत आणि माझी मोठी बहीण आहे. पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक करणारे लोक तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. मी गेले होते तिसरीकडं, आणि खरं सांगायचं तर कौतुक करण्याच्या मनःस्थितीत गेले नव्हते. मी तासगावची, शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळं हे शहर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे वगैरे मला पाठ आहे. ते मी तुमच्या माथी मारणार नाही.

जायचं कारण मात्र सांगितलं पाहिजे. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि घरात मूल नाही. पाळी वर्षातून चारदा, पाहुण्यासारखी, तीही न कळवता. तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की बीजकोशांत बारीक बारीक गाठी आहेत, एकदोन नाहीत, पुष्कळ आहेत. त्याला पीसीओडी म्हणतात. वजन वाढतं, हनुवटीवर केस उगवतात आणि डोक्यावरचे जातात, मानेवर काळा पट्टा येतो. तो पट्टा मंगळसूत्र घासून आला आहे असं मी शाळेत सांगत असे. ‘मूल होईल का?’ असं विचारलं की मिरजेचे डॉक्टर ‘प्रयत्न करू’ म्हणायचे, आणि ‘फार उशीर करू नका’ हे शेवटी जोडायचे. सुमाताईनं पत्र पाठवलं, ‘इथं एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. ये, एकदाचं काय ते कळेल.’ होईल की नाही, एवढं एकच उत्तर मला हवं होतं. ते आणायला मी कार्तिकाच्या शेवटी, शाळेत आठ दिवसांची रजा टाकून निघाले. हे शहाण्णव सालचं.

गुरुवार

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी उतरले तर सुमाताई फलाटावर उभी. ती छत्तीस वर्षांची, मी बत्तीस. हे मी मुद्दाम आकड्यांत लिहिते, कारण बघणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं. फिकट पिवळी सुती साडी, केसांत मोगऱ्यासारखी दिसणारी कसलीशी फुलं, आणि कंबर जिथं लग्नात होती तिथंच. माझी कुठं गेली ती मलाही सापडत नाही.

म्हातारा हमाल आला. माझी ट्रंक उचलता उचलता मानेनं ‘या’ अशी खूण करत मला म्हणाला, “अक्का, बन्नी.” मग ताईकडं बघून हसला आणि काहीतरी विचारलं. त्यातला ‘तंगी’ एवढाच शब्द मला ऐकू आला. ताईनंही हसून मान हलवली.

“काय म्हणाला गं तो?”

“काही नाही. अक्का म्हणजे थोरली, तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला तुझी धाकटी समजला.”

“आमच्याकडं तंगी म्हणजे टंचाई,” मी म्हटलं. “आणि तू त्याला सांगितलं नाहीस?”

“हमालाला काय सांगत बसायचं? तू पण ना, सुलू.”

बरोबरच आहे. हमालाला काय सांगायचं? पण रिक्षावाल्यालाही तिनं सांगितलं नाही, कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही नाही, शेजारच्या आजींनाही नाही. दिवसभरात चार जणांनी मला अक्का केलं आणि चारही वेळा ती गोड हसली.

ताईचं घर बसवनगुडीत. पुढं अंगण, अंगणात नारळ, मागं सोपा. दाजींचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं मराठी. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी इतकी वर्षं कानडीच्या शेजारी राहिली आहे की तिला शेजारणीच्या सवयी लागल्या आहेत. दाजी होसकोट्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. “सुलू, स्वल्प कॉफी घे. मग आंघोळ कर. सरी?” असं म्हणून ते के. आर. पुरमकडून जाणारी कंपनीची बस गाठायला गेले. जाताना बायकोला ‘येतो’ म्हणून गेले. आमच्या ह्यांना घराबाहेर पडताना शब्द फुटत नाही. किल्ली वाजली की समजायचं.

जेवणाबद्दल सांगते. आमच्याकडं भात शेवटी, भाकरीनंतर, जीभ ओली करायला. इथं पानावर भातच तीनदा येतो: एकदा पातळ सारूबरोबर, एकदा घट्ट सांबाराबरोबर, एकदा दह्याबरोबर, आणि पहिल्या दोन्ही वेळा वर तूप. सुमाताई तिन्ही भात जेवली. मी गेली तीन वर्षं बिनतुपाची ज्वारीची भाकरी खातेय आणि वाढतेय. एकाच आईच्या पोटच्या दोघी, हे मला जेवताना सारखं आठवत होतं.

तिची पल्लवी सहा वर्षांची. दुपारी माझ्या मांडीवर येऊन बसली, गाल ओढून झाले, बांगड्या मोजून झाल्या. मग म्हणाली, “मावशी, तुझ्या घरी खेळायला कोण आहे?” मी म्हटलं, “मांजर.” तिला फार आवडलं. ताईनं तिला हाक मारून आत नेलं, आणि ते नेणं मला पोरीच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवार

डॉक्टरीणबाई सोमवारी भेटणार, त्याआधी सोनोग्राफी करून घ्या असा निरोप होता. ती करायची जागा वेगळी होती, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. ताईनं दोघींचं नाव तिच्याच आडनावानं लावलं होतं. ओळखीच्या घरचं माणूस म्हटलं की नंबर लवकर लागतो, म्हणे. दोघींचं? हो. मी तपासणीला चाललेय म्हटल्यावर ती रिक्षात म्हणाली, “मीही करून घेते गं. तुला सोबत.” मला वाटलं, घ्या. एक तपासणी तेवढी माझ्या एकटीची होती, तिथंही ताई आलीच.

टेबलापाशी नागरत्नम्मा नावाच्या एक पोक्त बाई बसलेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढ्यात जाड वही. त्यांनी वही न सोडता कानडीत काही विचारलं. ताई पदर सारखा करत सांगून मोकळी झाली, “अक्कनिगे मूवत्तारु, तंगिगे मूवत्तेरडु.” नागरत्नम्मांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. मग आम्हा दोघींपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. “नीरु कुडीरी.”

ज्यांनी ही तपासणी करून घेतलेली नाही त्यांना सांगते: पोटावरून यंत्र फिरवायचं तर मूत्राशय टम्म भरलेलं लागतं. भरेपर्यंत पाणी प्यायचं, आणि भरलं की नंबर यायची वाट बघत बसायचं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. बाकावर आम्ही सात बायका, साती जणी पाय आवळून. तेवढ्यात वीज गेली. नागरत्नम्मांनी दोन्ही हात वर करून सांगितलं, “स्वल्प अड्जस्ट माडी.” ‘जरा जमवून घ्या’ अशा अर्थाचं हे वाक्य बंगळूरमध्ये सगळीकडं चालतं, बसमध्ये, रांगेत, लग्नाच्या पंगतीत. पण माझ्या पोटात त्यावेळी अ‍ॅडजस्ट करायला तसूभर जागा नव्हती. अर्ध्या तासानं वीज आली. त्या अर्ध्या तासात ताई आणि मी एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की हसणंही धोक्याचं झालं. लहानपणानंतर आम्ही तशा हसलो नव्हतो. हेही खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.

आतला डॉक्टर तरुण आणि मुका. पडद्यावर मला पावसाळ्यातल्या उपग्रहाच्या चित्रासारखं काहीतरी दिसत होतं, सगळे ढग. “काही दिसतंय का?” मी हिंदीत विचारलं. “रिपोर्ट कल,” एवढंच तो बोलला.

शनिवार

सकाळी पल्लवीला शाळेत सोडून आम्ही लालबागेत गेलो. वाटेत नागरत्नम्मांकडून पाकिटं घेतली. ताई म्हणाली, बागेत बसून बघू. मी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि पर्स छातीशी.

बागेआधी एका दर्शिनीत शिरलो. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. खुर्च्याच नाहीत, छातीएवढ्या उंचीची टेबलं. तिथं ताईनं ‘बाय-टू’ मागितली. म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत, दोघांनी निम्मी निम्मी. भले सुटाबुटातले लोकही बिनदिक्कत बाय-टू मागत होते. आमच्याकडं पाहुणीला कुणी अर्धा कप चहा दिला तर ती गावभर सांगेल. इथं अर्धी कॉफी ही आपुलकी आहे. ताईनं स्वतःच्या पेल्यातला फेस माझ्या पेल्यात ओतला, लहानपणी दुधावरची साय द्यायची तसा. मी नको म्हणाले नाही.

लालबागेत एक प्रचंड उघडा खडक आहे. त्याचं वय तीनशे कोटी वर्षं सांगतात. माझ्या विषयातली ही एकच गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वय विचारलं तर न लाजणारं बंगळूरमध्ये मला एवढंच काय ते भेटलं. त्या खडकावर आम्ही बसलो. समोर तळं, मागं म्हाताऱ्यांचा जोरजोरात हसण्याचा व्यायाम चाललेला.

पाकिटांवर कानडीत एकेक शब्द होता. ताईनं वाचला. “हे अक्का, माझं. हे तंगी, तुझं.” नाव आत दोन्हींवर एकच, श्रीमती एस. जाधव. सुमती काय आणि सुलभा काय, दोघी एसच.

माझ्या कागदावर इंग्रजीत जे होतं ते मराठीत सांगते: दोन्ही अंडाशयं लहान, आकसलेली, आत बीजपुटकुळ्या दिसत नाहीत. तीन वर्षं डॉक्टरांच्या दारात काढलेल्या बाईला एवढं इंग्रजी समजतं. मिरजेत होत्या त्या गाठीही आता नव्हत्या. सगळं आटलं होतं. ‘फार उशीर करू नका’ म्हणाले होते ना, झाला उशीर. पाकिटावर तंगी आणि पाकिटातही तंगीच.

शेजारी ताई ओरडलीच. “गाठी आहेत! अगं सुलू, गाठीच आहेत!”

लोक लॉटरी लागल्यावर ओरडतात तशी. मग तिनं माझा हात धरून सांगितलं की तिची पाळी आठ महिने बंद आहे. कुणालाच बोलली नव्हती, दाजींनाही नाही. रात्री अंगातून वाफा येतात, घाम फुटतो. “मला वाटलं संपलंच सगळं. छत्तिसाव्या वर्षी! सासूबाईंचंसुद्धा पन्नाशीला गेलं. सोबत-बिबत काही नाही गं, मला बघूनच घ्यायचं होतं. आता कळलं, तुझ्यासारख्याच गाठी आहेत. गोळ्या घेतल्या की होईल की नाही सुरू?”

“होईल,” मी म्हटलं आणि माझा कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. मला जवळ घेतलं, रडली, माझ्यापेक्षा जास्त रडली. आणि मी काय विचार करत होते ते सांगते, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मला वाटत होतं, हिनं माझा रोगसुद्धा घेतला. घर हिचं, पोर हिची, ‘येतो’ म्हणणारा नवरा हिचा, कंबर हिची. एक दुखणं तेवढं माझ्या मालकीचं राहिलं होतं, शिव्या देत का होईना मी ते सांभाळलं होतं. तेही उठून हिच्याकडं गेलं, आणि हिच्याकडं जाऊन शोभायलाही लागलं. ना हनुवटीवर केस, ना मानेवर पट्टा. मराठीत मत्सराला पोटात दुखणं म्हणतात. ते सोनोग्राफीत दिसत नाही हे माझं नशीब.

संध्याकाळी ताईनं माझ्यासमोर तोंड उतरवून ठेवलं होतं. पण ती स्वयंपाकघरात गेली की गुणगुणायची, आणि मी आत गेले की थांबायची.

रविवार

दाजी म्हणाले, “घरी बसून सुलूचं मन आणखी जड होईल. परिशेला जाऊया.” परिशे म्हणजे जत्रा. बसवनगुडीत मोठ्या नंदीचं देऊळ आहे, आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथं भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. दुकानं आदल्या दिवसापासूनच लागतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग, माणसाच्या उंचीचे. कच्च्या, भाजलेल्या, मिठात उकडलेल्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. पूर्वी नंदी येऊन शेतातल्या शेंगा खाऊन जायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिल्या शेंगा त्यालाच वाहायचं कबूल केलं, अशी गोष्ट आहे. मी तासगावची; आमच्याकडं शेंगा पोत्यानं होतात, पण शेंगेसाठी देवळापुढं रांग लावलेली मी पहिल्यांदाच पाहिली. लोक शेंगा फोडत, टरफलं रस्त्यावर टाकत चालले होते आणि पायांखाली सारखा कुरकुर आवाज येत होता. मला गंमत वाटायला हवी होती. एक बाई अंगाखांद्यावर तीन पोरं घेऊन उकडलेल्या शेंगा खात होती, मी तिच्याकडंच बघत होते.

घरी आलो, जेवलो. ताई, दाजी आडवे झाले. मला झोप येईना, म्हणून पाकीट काढलं. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी ती वाचण्याची हौस. काल मी अंडाशयांपाशी थांबले होते. आज वरून खालपर्यंत वाचलं. मधे गर्भाशयाबद्दल एक ओळ होती: ‘आकार नेहमीसारखा. आधीच्या सिझेरियनचा व्रण दिसतो.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग खोलीचं दार लावून, पदर बाजूला करून स्वतःचं पोट पाहिलं. आहे ते पुष्कळ आहे. व्रण नाही.

पल्लवी बाहेर शेंगांशी भातुकली खेळत होती. तिला विचारलं, “मूवत्तारु म्हणजे किती गं?” तिनं बोटांनी हवेत काढून दाखवलं, “तीन आणि सहा.” अक्काला छत्तीस, तंगीला बत्तीस. ताईनं वयं सांगितली होती, माणसं दाखवली नव्हती. नागरत्नम्मांनी चष्म्यावरून बघितलं आणि हमालानं, रिक्षावाल्यानं, फुलवालीनं जे केलं तेच केलं. छत्तीस माझ्या नावावर, बत्तीस तिच्या. गाठी माझ्याच होत्या. आटलं होतं ते तिचं.

मला आनंद झाला. स्वतःसाठी झाला, तो कुणालाही होईल. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि तो जास्त गोड होता. तिचं संपलं. त्या पिवळ्या साडीच्या आत, त्या कंबरेच्या आत, ती म्हातारी होती आणि मी तरुण. मी पलंगावर बसून तो आनंद शेंगेसारखा सोलून सोलून खाल्ला. ठरवलंही, की आपण काही बोलायचं नाही. उद्या डॉक्टरीणबाई सांगतील. आपण शेजारी बसून फक्त बघायचं.

चार वाजता मागच्या सोप्यात आले. कागद हातातच होता. ताई सुपात शेंगा सोलत बसली होती.

“सुलू, बस. तुझीच वाट बघत होते.” तिनं सूप सरकवून मला जागा केली. “मी ह्यांच्याशी बोलले. सगळं सांगितलं, आठ महिन्यांचंसुद्धा. आम्ही ठरवलंय. गोळ्यांनी माझं सुरळीत झालं, की आणखी एक होऊ द्यायचं. ते तुझं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझंच. जन्मल्या दिवशी तू घेऊन जायचं. कागदपत्रं काय करायची ते पुरुष बघतील. मी मावशी होऊन राहीन, कधी त्याला कळू देणार नाही. नाही म्हणू नकोस.”

तिनं मला थोबाडीत मारली असती तर मला एवढा राग आला नसता. द्यायलासुद्धा तिच्याचकडं होतं! आयुष्यभर तिची साय माझ्या पेल्यात, तिच्या जुन्या साड्या माझ्या अंगावर, आणि आता तिचं पोर माझ्या पदरात. दोन तास जपून ठेवलेली गोष्ट मी त्या क्षणी सोडून दिली. बहिणीच्या प्रेमानं सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं हे आहे की मला तिचं ते देणं घ्यायचं नव्हतं. मी कागद सुपातल्या टरफलांवर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं वाचलं. हात पदराला पुसले, आत गेली, स्वतःचं पाकीट घेऊन आली आणि तेही शेवटपर्यंत वाचलं. त्यात व्रणाचा उल्लेख नव्हता.

“हे तुझं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“दुपारी.”

“दुपारी केव्हा?”

“तुम्ही झोपला होता तेव्हा.”

“म्हणजे दोन तास झाले.” ती माझ्याकडं बघत होती. “दोन तास तू काय करत होतीस, सुलू?”

मी सुपातली टरफलं वेचून बाजूला करू लागले, आणि तेच उत्तर झालं. तिनं मान खाली घातली, एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“मला आत्ता तुझा हेवा वाटतोय,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? तू स्वल्प आत जा.”

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं टपून बसले होते ते मलाच माहीत. मी आत गेले.

सोमवार

डॉक्टरीणबाईंकडं आम्ही रिक्षाच्या दोन कडांना बसून गेलो. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, आमच्याकडं पाहिलं, नागरत्नम्मांना फोन लावला. पलीकडून येणारा आवाज मलाही ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई फोन ठेवून थोड्या संकोचानं म्हणाल्या, “त्या म्हणतात, कुणीही असंच समजलं असतं.”

मग त्यांनी हिंदी-इंग्रजीत समजावलं. बाई जन्मताना जेवढी बीजं घेऊन येते तेवढीच. नवी होत नाहीत. माझी बीजं गाठींच्या रूपात अडून बसली होती, पिकत नव्हती, म्हणून खर्चही झाली नव्हती. “तुमच्या अंडाशयांत साठा तुमच्या वयापेक्षा जास्त आहे,” त्या मला म्हणाल्या. “पण बाकीचं शरीर घाईनं म्हातारं होतंय. साखर तपासा, वजन उतरवा. शरीरातल्या सगळ्या पेशींचं वय सारखं नसतं.” गोळ्या लिहून दिल्या. मी विचारलं, नऊ वर्षं जे विचारत होते तेच. त्या म्हणाल्या, “खात्री देत नाही. पण होऊ शकतं. पुष्कळ जणींना झालंय.”

ताईला त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, पण रजोनिवृत्तीच दिसते असं सांगितलं. काही जणींची बीजं लवकर संपतात, का ते नेहमी कळत नाही. हाडं जपायची, कॅल्शियम घ्यायचं, हार्मोनच्या गोळ्यांचं नंतर बघू. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात एकच विचारलं, “बाहेरून दिसेल का?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “तुम्हाला बघून कुणाला पटणारसुद्धा नाही.”

मीही तिच्याकडं पाहिलं, आणि आता एवढं सगळं कळल्यावरही माझी नजर तिच्या कंबरेवरच गेली. सवय जात नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “गोळ्या वेळेवर घे. विसरू नकोस.” रिक्षावाल्यानं विचारलं असेल कुठं जायचं म्हणून, तिनं पत्ता सांगितला आणि घरापर्यंत रस्त्याकडं बघत राहिली.

मंगळवार

गाडी संध्याकाळची होती. पल्लवीनं माझ्या मांजरासाठी एक चित्र काढून दिलं. ताई दुपारीच खोलीत जाऊन झोपली होती. मी निघताना दार लोटलेलं होतं. मी बाहेरूनच “येते गं” म्हटलं. आतून “हं” आलं.

स्टेशनवर दाजीच आले. शेंगांची पिशवी, दहीभाताचा डबा, पाण्याची बाटली, सगळं तिनं भरून दिलं होतं. गाडी लागली, माझी ट्रंक बाकाखाली गेली. दाजी खिडकीपाशी उभे राहून चुळबुळ करत होते. भला माणूस, त्याला खोटं बोलणं जमत नाही.

“सुमती येणारच होती,” ते म्हणाले. “पण तिला स्वल्प ताप आहे.”

“असू दे, दाजी. तिला उठवू नका,” मी म्हटलं.

तो ताप मी ओळखते. पल्लवीच्या बारशाच्या दिवशी मला आला होता, तो हाच.